धुपाटणं तेच, घर बदललं

प्रश्न, थोडक्यात : पुण्यात सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा-बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि सासरे गेल्यावर वर्षभरापूर्वी माण तालुक्यातलं गाव सोडून इथे राहायला आलेल्या सासूबाई. दिवाळीपासून मुलाला धाप लागते, रात्री छाती वाजते. डॉक्टरांनी पंप दिलाय. शेजारी बांधकाम चालू असल्यानं खिडक्या दिवसभर बंद, फक्त 'शुद्ध हवेसाठी' सकाळी सहा ते आठ उघडतात. ताईंनी हवेतले सूक्ष्म कण मोजणारं छोटं मीटर मागवलं. सासूबाई रोज दिवेलागणीला धूप घालतात तेव्हा आकडा ३१० वर जातो. सांगून त्या ऐकत नाहीत. नवरा म्हणतो, अठरा हजारांचा एअर प्युरिफायर आणू, विषय संपेल. ताईंचा प्रश्न : प्युरिफायर घ्यावा का, आणि धूप बंद कसा करावा?

उत्तर :

ताई,

तुमच्या तीन पानी पत्रात 'धूप' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजला मी. 'कॉइल' एकदाच येते, तीही कंसात : "(डासांसाठी कॉइल लावतो, पण फक्त बेडरूममध्ये, मुलाला चावू नयेत म्हणून)". आणि बाथरूममधला 'गॅस गीझर' एकदा येतो, मुलाच्या आंघोळीची घाई सांगताना, जाता जाता. मी या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करणार आहे. तुम्ही त्याबद्दल काही विचारलेलं नाही, तरीही.

गीझर बाथरूमच्या आत असेल आणि दार-खिडकी लावून, तो चालू ठेवून आंघोळ होत असेल, तर ते आजपासून बंद. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला आधी चक्कर येते आणि कडी काढायला हात उचलायचं बळही उरत नाही. थंडीत अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. तुमचं मीटर फक्त कण मोजतं, हा वायू मोजत नाही. ते निवांत पन्नास-साठ दाखवत राहील. गीझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेवर हलवून घ्या. प्लंबर येईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, मग आंघोळ.

आता धुपाकडे येऊ.

तुम्ही चार दिवसांचे आकडे वेळेसकट लिहून पाठवलेत, त्याबद्दल खरंच शाबासकी. एवढं कुणी करत नाही. पण तुमचीच वही तुम्हाला परत वाचून दाखवू का? सकाळी पावणेसहाला, खिडक्या उघडायच्या आधी, ६५. उघडल्यावर अर्ध्या तासात १४०. संध्याकाळी सातला, धूप, ३१०. पाऊण तासानं १५०. एका दिवशी पावणेनऊला, भजी तळताना, २८०. आणि रात्री साडेअकराला, बेडरूममध्ये, मुलाच्या उशाशी, ४२०.

हा शेवटचा आकडा तुमच्याच अक्षरात आहे. त्याच्यापुढे तुम्ही काहीही लिहिलेलं नाही. ३१० खाली मात्र दोन रेघा.

धूप वीस मिनिटं जळतो, तोही हॉलमध्ये, माणसं हिंडती-फिरती असताना. कॉइल सहा-सात तास जळते, दार लावलेल्या खोलीत, झोपलेल्या मुलापासून तीन हातांवर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले होते. ते ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात तेवढे भरले, कॉइल कुठली त्यानुसार. उदबत्ती आणि धूपही काही साधू नाहीत. ग्रॅमामागे उदबत्तीतून सिगारेटीच्या चौपटीहून जास्त कण निघतात. तेव्हा सासूबाईंच्या धुराला मी निर्दोष ठरवत नाहीये. एवढंच म्हणतेय की घरात धूर करणारी माणसं दोन आहेत आणि पत्रात नाव एकीचंच आहे.

आकड्यांबद्दल आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ साठीची, म्हणजे तुमचं मीटर मोजतं त्या सूक्ष्म कणांसाठीची, २०२१ पासूनची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०. पण या दोन्ही चोवीस तासांच्या सरासरीच्या मर्यादा आहेत. सात वाजताचा क्षणभराचा ३१० त्यांच्याशेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. किती वर गेला यापेक्षा किती वेळ वर राहिला ते बघा. त्या हिशोबानं तुमच्या घरातली सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची नाही, रात्रीची आहे. आणि ती तर उद्यापासून मिटते. कॉइल फेकून द्या, मच्छरदाणी बांधा. खिडक्यांना बारीक जाळी बसवून घ्या आणि ती महिन्यातून एकदा काढून धुवा, नाहीतर बांधकामाच्या धुळीनं ती बुजते आणि मग खिडकी उघडी काय नि बंद काय.

सकाळच्या १४० नं तुम्ही हबकलात आणि "बाहेरचीच हवा खराब, म्हणून दिवसभर बंद" असा निष्कर्ष काढलात. इथे आपल्या सगळ्यांचीच एक समजूत आड येते. पहाटेची हवा शुद्ध, हे आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. गावात, उन्हाळ्यात, असेलही. पुण्यात जानेवारीत नाही. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. पुणं टेकड्यांच्या मधल्या खळग्यात. रात्रभराचा धूर, वॉचमननं पेटवलेल्या पाचोळ्याची शेकोटी, पहाटेचे ट्रक, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. ऊन चढलं की झाकण उचललं जातं आणि दुपारी हवा सगळ्यात जास्त ढवळली जाते. म्हणजे नेमक्या चुकीच्या दोन तासांना तुम्ही खिडक्या उघडताय आणि बरोबर वेळेला बंद ठेवताय.

दुपारी बांधकामाची धूळ असते, हे मान्य. पण साइटवर जेवणाची सुट्टी होते ना? तुमच्याकडे एक ते दोन असेल. त्या तासाभरात समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. एकच उघडून उपयोग नाही, हवेला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. बांधकामाच्या विरुद्ध बाजूची खिडकी तर एरवीही चार बोटं उघडी राहू दे. कटरची धूळ बहुतांशी जाड असते, ती फरशीवर, पडद्यांवर बसते. तिच्यासाठी ओलं फडकं पुरतं. कोरडा झाडू तिला पुन्हा मुलाच्या नाकाच्या उंचीवर आणून सोडतो.

आता गंमत बघा. दुपारी एक वाजता घरात कोण असतं? तुम्ही दोघं ऑफिसात, मुलगा शाळेत. घरात असतात त्या सासूबाई. तुमच्या घरातल्या हवेची किल्ली त्यांच्या हातात आहे आणि तुमचं त्यांच्याशी बोलणं बंद आहे.

माण-खटावकडची जुनी घरं मी थोडीफार पाहिली आहेत. माझं आजोळ त्याच बाजूचं. मातीचं धाबं म्हणजे सपाट छत, जाड भिंती, आणि छताला सवणं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : सवणं म्हणजे धाब्याला ठेवलेलं भोक, उजेड आत यायला आणि धूर वर जायला. दुपारी त्यातून उन्हाचा तिरपा खांब उतरायचा आणि त्या खांबात चुलीचा धूर वळसे घेत वर चढताना दिसायचा. पाऊस आला की कुणीतरी पळत जाऊन त्यावर घमेलं पालथं घालायचं. तशा घरात धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकला, घरभर फिरवला, की दहा मिनिटांत वास राहायचा आणि धूर जायचा. तुमच्या हॉलला सरकत्या काचा आहेत, त्याही लावलेल्या. सासूबाई चाळीस वर्षं जे करत आल्या तेच करताहेत. धुपाटणं तेच आहे, डोक्यावरचं सवणं गेलंय. त्यांच्याशी बोलायचं असेल तर इथून बोलता येईल. "तुमच्या धुपानं माझा मुलगा आजारी पडला" या वाक्यानंतर कुठलीही आजी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन चिमटी जास्त टाकेल.

तेव्हाची घरं छान होती असं मात्र मला म्हणायचं नाही. सवणं असूनही चुलीपुढच्या बाईच्या वाट्याचा धूर तिच्याच छातीत जायचा. माझ्या आजीचे डोळे मला लालच आठवतात. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि म्हणूनच तुमच्या पत्रातलं तिसरं निसटतं वाक्य : "सासूबाईही सकाळी खोकतात, पण ते वयामुळे."

वयामुळे केस पिकतात. रोज सकाळी खोकला येणं आणि जिना चढताना थांबावं लागणं (हेही तुम्हीच लिहिलंय, लिफ्ट बंद होती त्या दिवसाबद्दल) याला वय हे उत्तर नाही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या पण वर्षानुवर्षं चूल फुंकलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार, होतो. छातीच्या डॉक्टरांना यात नवल वाटत नाही, घरच्यांना वाटतं. सासूबाईंची स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी, करून घ्या. नळीत जोरात फुंकायचं, बाकी काही नाही. मग कदाचित असं दिसेल की या घरात धुराचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांना होतोय त्याच धूप घालताहेत. तुम्ही मीटर त्यांच्यासमोर धरलंत ते पुरावा म्हणून. ते त्यांच्यासाठीही आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

दुसरं असं, की गावी धूप अमावास्या-पौर्णिमेला असायचा आणि इथे आल्यापासून रोज, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मी त्यांना ओळखत नाही, उगाच मनातलं ओळखल्याचा आव आणणार नाही. पण सासरे गेले, गाव सुटलं, संध्याकाळी सातपर्यंत चौथ्या मजल्यावर एकट्या. दिवेलागणीला हाताला काहीतरी लागत असेल. ते काढून घेताना त्या जागी काय ठेवायचं, याचा विचार आधी करा. देवापुढे तुपाचं निरांजन रोज, आणि धूप पूर्वीसारखा अमावास्या-पौर्णिमेला, बाल्कनीत तुळशीपाशी, मागचं दार ओढून घेऊन. कोळशाची वडी गॅसवर लाल करतात ना? तीही बाहेरच पेटवायची, तिच्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. वरच्या मजल्यावर तान्हं मूल नाही ना, एवढं विचारून घ्या.

आणि हे बोलायचं कुणी? त्यांच्या मुलानं. तुमच्या यजमानांना आईशी दहा मिनिटं बोलायचं नाही, म्हणून ते अठरा हजार मोजायला तयार आहेत. मला त्यांच्याबद्दल राग नाही, बरीच मुलं असंच करतात. पण प्युरिफायर हॉलमध्ये आला, धूप तसाच, कॉइल तशीच, सहा महिन्यांनी फिल्टर काळा आणि नवा केवढ्याला म्हणून पुन्हा भांडण, असं झालं तर शेवटी हाती धुपाटणंच.

तरीही प्युरिफायर घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. दम्याच्या मुलाच्या खोलीत त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र हॉलसाठी नको, तो जिथे झोपतो तिथे. खोक्यावरचे चौरस फूट वाचू नका, सीएडीआर नावाचा आकडा बघा : यंत्र तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करून देतं तो. तुमची बेडरूम १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे साधारण ३० घनमीटर. तासाला पाचदा हवा फिरायची तर दीडशेचा सीएडीआर हवा, आणि तोही मधल्या वेगावर, कारण पूर्ण वेगाच्या आवाजात कुणी झोपत नाही, मग बटण शेवटी बंदच होतं. फिल्टर खरा हेपा हवा, तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. आयन सोडणारी, ओझोन करणारी यंत्रं नकोत. ओझोननं दमा वाढतो. फिल्टरची किंमत विकत घेण्याआधी विचारा. आणि हेही ध्यानात असू द्या की हेपाला वायू अडवता येत नाहीत. तीन माणसं रात्रभर दार लावून झोपली की खोलीत कार्बन डाय-ऑक्साइड साठतो आणि सकाळी डोकं जड होतं. दार वीतभर उघडं राहू दे.

स्वयंपाकघराचं लवकर आटपते. फोडणी आणि तळण मागच्या बर्नरवर, एक्झॉस्ट पंख्याच्या जवळ. पंखा तेल तापायच्या आधी लावायचा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायचा. तो खरंच ओढतोय का बघायचं असेल तर वर्तमानपत्राची पट्टी त्याच्या जाळीजवळ धरा. चिकटली तर ठीक. लोंबत राहिली तर आधी जाळीवरचा तेलाचा थर काढा आणि दुसऱ्या खोलीतली खिडकी किंचित उघडा. बंद डब्यातून पंखा तरी काय ओढणार? पाइप बाहेर न काढलेली चिमणी असेल तर ती तेलाचे थेंब धरते, उरलेलं तुमच्याच तोंडावर परत सोडते.

बारा झाडं आणलीत, छान दिसत असतील. झाडांनी घरातली हवा शुद्ध होते ही कल्पना १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगातून पसरली, पण तो हवाबंद पेटीत केलेला होता. पुढे २०१९ मध्ये कुणीतरी सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला : उघड्या खिडकीइतकी हवा शुद्ध करायला दर चौरस मीटरला किमान दहा, वेळप्रसंगी हजार झाडं लागतील. हॉलमध्ये वाघ सोडावा लागेल. झाडं ठेवा, हौसेनं ठेवा, फक्त कुंडीत पाणी साचून बुरशी धरू देऊ नका.

ठाणे, मुंबई, कोकणातून अशाच अर्थाची आणखी पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्याकडे धुळीपेक्षा ओल मोठी. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले की त्यावर रंग मारून ते झाकू नका, पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. ओलाव्यात गाद्यांतले धुळीचे किडे वाढतात. चादरी-उश्यांचे अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुवावेत. एसीच्या डक्टमध्ये कबुतरं असतील तर त्यांची वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी भिजवा, मास्क लावा. त्या भुकटीनं फुप्फुसाला कायमची इजा झालेली माणसं आहेत. आणि संडास साफ करायचं ॲसिड नि ब्लीच एकत्र ओतून 'जास्त स्वच्छ' करणाऱ्यांनी ते ताबडतोब थांबवावं, त्यातून क्लोरीन निघतो.

ताई, मुलाच्या पंपाबद्दल तुम्ही लिहिलंय, "सवय लागेल म्हणून बरं वाटलं की बंद करते." पंपाची सवय लागत नाही. तो किती दिवस आणि कधी कमी करायचा हे डॉक्टरांना विचारूनच करा, घरातली हवा कितीही सुधारली तरी.

येत्या पंधरा दिवसांचे आकडे मला पाठवाल का? कॉइल बंद केल्यानंतरचे. मीटर बेडरूममध्ये जमिनीपासून मुलाच्या उशीच्या उंचीवर ठेवा, खिडकीत नको. आणि दुपारी एकचा आणि दोनचा आकडा सासूबाईंना लिहायला सांगा. वहीत त्यांचा वेगळा रकाना आखून द्या.